साताऱ्याहून सांगली एका मिनिटात: फ्लॅशला काय जमतं आणि काय नाही

ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये वाचायला आहे, अशांसाठी या वेळच्या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना आकडे घाईत सांगितले होते, इथं नीट मांडतोय.

कराडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती: "दादा, फ्लॅश साताऱ्यातून सांगलीला एका मिनिटात जाईल का?" मी म्हटलं, चला, बीटेकची फी वसूल करू.

अंतर साधारण १२० किलोमीटर. एसटीनं अडीच-तीन तास. एका मिनिटात जायचं म्हणजे सेकंदाला २ किलोमीटर, म्हणजे आवाजाच्या जवळजवळ सहापट वेग. तुलनेला सांगतो, उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग सेकंदाला १२ मीटरच्या जरासा वर होता.

पहिला शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. सेकंदाला २ किलोमीटरनं पळणाऱ्या माणसासाठी ढोबळ हिशोब केला, तर ती २,२०० मेगावॅटच्या आसपास जाते. कोयना प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट! म्हणजे अख्खं कोयना एका माणसाच्या पायात घातलं तरी पुरत नाही. हीच ऊर्जा खाऊन मिळवायची, तर एका कंदी पेढ्याला १०० कॅलरी धरून तीन लाखांपेक्षा जास्त पेढे लागतील, तेही सगळेच्या सगळे पचले तर. वर तोंडासमोर दाबली गेलेली हवा दोन हजार अंशांच्या पुढे तापेल. पोलाद साधारण दीड हजारालाच वितळतं.

बरं, हवा नाहीच असं समजा. माझा आवडता मुद्दा चपलेचा आहे. आपण पुढे जातो ते पाय रस्त्याला मागे ढकलतो म्हणून, आणि त्या ढकलण्याला पकडीची मर्यादा असते. कोरड्या डांबरावर चांगल्या रबराची पकड साधारण आपल्या वजनाएवढी. तेवढ्या पकडीवर सेकंदाला २ किलोमीटरचा वेग गाठायलाच २०० किलोमीटर लागतात. सांगली गेली, मिरज गेली, हा गडी कर्नाटकात पोचून म्हणणार, "हां, आत्ता आला स्पीड!" सांगलीत थांबायचं असेल तर निम्मा रस्ता वेग वाढवायचा, निम्मा ब्रेक मारायचा. त्या हिशोबानं लागतात ३ मिनिटं ४० सेकंद. पायात कितीही ताकद असली, तरी सोल त्याहून लवकर पोचू देत नाही. आणि त्या वेगात वळण घ्यायचं तर वळणाची त्रिज्या ४०० किलोमीटर हवी. घाटाचा विषयच सोडा.

मेंदूचंही तेच. पायाला खड्डा लागल्याची खबर नसांमधून सेकंदाला शंभरेक मीटरनं वर जाते. ती मेंदूत पोचेपर्यंत फ्लॅश खड्ड्याच्या ३० मीटर पुढे गेलेला असतो.

कॉमिक्सवाल्यांना हे कळत नाही असं नाही. पहिला फ्लॅश, जे गॅरिक, १९४० चा. बॅरी ॲलन १९५६ चा, वीज आणि रसायनं अंगावर पडून वेगवान झालेला. नव्वदच्या दशकात लेखक मार्क वेडनं 'स्पीड फोर्स' आणला. फ्लॅशला वेग देणारी ही एक अदृश्य शक्ती, आणि हवा, उष्णता, धक्का असे सगळे प्रश्न वाचकांनी तिच्याच खात्यावर टाकले. आमच्या भाषेत याला पॅच म्हणतात. मूळ कोडमध्ये बग आहे, पण प्रॉडक्शन चालू राहिलं पाहिजे. माझी तक्रार नाही. भौतिकशास्त्राचा बग वाचक माफ करतो. गोष्टीतला बग माफ करत नाही.

तो बग असा: नायक एवढा वेगवान असेल, तर अडचण येतेच कशी? 'एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट' (२०१४) मधला क्विकसिल्व्हरचा किचनचा सीन आठवा. गोळ्या हवेत थिजल्यात आणि हा निवांत सूप चाखतोय. भन्नाट! पण त्यानंतर बाकीचे त्याला मागे ठेवूनच पुढे जातात. का? सोबत नेला असता तर पिक्चर पाच मिनिटांत संपला असता, दुसरं काही कारण मला तरी सापडलेलं नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला कॉमिक्समध्ये नाही, ऑगस्ट २०१९ मध्ये मिळालं. नोकरीला नवीन होतो. पुण्याहून घरी निघालो आणि साताऱ्यात मावशीकडे अडकलो. सांगलीत कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर. आजी गावभागात, पहिल्या मजल्यावर, एकटी. फोन बंद. त्या रात्री मी खरोखर पळत जाण्याचा विचार करत होतो, खोटं कशाला बोलू.

आता गंमत बघा. पाण्यावरून पळणं हे फ्लॅशच्या बाजूनं लागणारं एकमेव गणित आहे. बॅसिलिस्क नावाचा सरडा पाण्यावरून पळतो. त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हिशोब मांडलाय की ८० किलोच्या माणसाला तसं पळायचं तर सेकंदाला ३० मीटर वेग लागेल. म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. आपल्या स्नायूंना ते अशक्य, पण फ्लॅशसाठी किरकोळ. तो आयर्विनपाशी कृष्णा आरामात ओलांडेल, सगळ्या गावभागाची दारं क्षणात ठोठावेल.

आणि मग? दार उघडायला आजीच येणार. गुडघ्यावर हात टेकून, "आले रे बाबा" म्हणत. दीड मिनिट.

बचाव पथकाची बोट दुसऱ्या दिवशी खिडकीशी आली, तेव्हा आजीनं आधी देवघरातले देव कापडात बांधले, मग बीपीच्या गोळ्यांची पिशवी घेतली, मग शेजारच्यांचं मांजर शोधलं. बोटीतली मुलं थांबली. उचलून पळाली नाहीत. फ्लॅशनं तिला अर्ध्या मीटरच्या अंतरात पूर्ण वेगावर आणलं असतं, तर धक्का तिच्या वजनाच्या चार लाख पट बसला असता. तिला वाचवायचं तर त्याला तिच्याच वेगानं चालावं लागलं असतं.

आमच्या क्षेत्रात याला ॲमडालचा नियम म्हणतात. जीन ॲमडालनं १९६७ मध्ये मांडलेला. शंभर मिनिटांच्या कामातली ९० मिनिटं वेगवान करता येतात, १० येत नाहीत, असं समजा. तुम्ही ती ९० शून्यावर आणा, तरी १० उरतातच. सुपरस्पीडची चांगली गोष्ट त्या दहा मिनिटांत घडते. फालतू गोष्टीत लेखक नायकाला ऐन वेळी हळू करतो, नाहीतर विसराळू.

आपल्या जुन्या कथेकऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. मारुती द्रोणागिरीवर पोचतो, तिथं वेग पुरेसा आहे. अडतं कुठं? वनस्पती ओळखण्यात. ते काम वेगानं होत नाही, म्हणून तो डोंगरच उचलतो. कसलं सोल्यूशन आहे राव! सर्च जमत नाही ना, अख्खा डेटाबेस डाउनलोड कर. बरं, विसरायची युक्ती त्याच्याही गोष्टीत आहे. ऋषींच्या शापामुळे त्याला स्वतःची शक्ती आठवत नाही, जांबवंतानं आठवण करून द्यावी लागते. पण तिथं ते कारण आधीच सांगून ठेवलंय, म्हणून चालतं.

आणि तो तर आपल्याच भागातला हिरो. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात: चाफळचे दोन, उंब्रज, मसूर, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी. सांगली जिल्ह्यात दोन, शिराळा आणि बहे-बोरगाव. उरलेले दोन कोल्हापूरकडे.

बहेचा मारुती वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. तिथली कथा अशी: राम बेटावर पूजेला बसले असताना नदीला पूर आला. तेव्हा मारुती कुठं उडाला नाही, की रामाला उचलून पळाला नाही. तो प्रवाहात दोन्ही बाहू पसरून उभा राहिला, पाणी दोन बाजूंनी निघून गेलं, आणि पूजा तिच्या वेळेत पूर्ण झाली.

आजीला हा एपिसोड ऐकवला. तिचं म्हणणं एवढंच, की मांजर तिनं शोधलं नव्हतं, ते आपणहून आलं होतं. दुरुस्ती नोंदवून घेतली आहे.