लहान पावलं, अरुंद पावलं: मुलांचे बूट कसे निवडावेत



आजचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल. निवृत्त फौजी माणूस लहान मुलांच्या बुटांवर काय बोलणार? पण फौजेत जवानाचे पाय तपासणं हे अधिकाऱ्याचं रोजचं काम असतं. लांबचा रूट मार्च संपला की जवान बूट-मोजे काढून बसतात आणि प्लॅटून कमांडर एकेकाची पावलं पाहत जातो. फोड कुठे आला यावरून बूट कुठे चुकला हे कळतं. टाचेच्या मागे फोड असेल तर टाच आत वरखाली होते आहे. बोटांच्या टोकांवर किंवा नखाखाली असेल तर पाय पुढे घसरतो आहे.

जवान निदान सांगतो, "साहेब, बूट लागतोय." चार वर्षांचं मूल सांगत नाही. त्याच्या पावलातला बराचसा भाग अजून कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो. हाडं पुरती पक्की व्हायला किशोरवय यावं लागतं. चुकीच्या बुटात ते पाऊल दुखण्याआधी दबतं किंवा बोटं आखडून घेतं. आणि आपण म्हणतो, "हा पळतच नाही", "ही सारखी धडपडते". दोष मुलाच्या माथी, कारण बुटात.

हे सगळ्यात जास्त घडतं ते अरुंद पावलाच्या मुलांच्या बाबतीत. म्हणून आजचा भाग त्यांच्यासाठी.

नंबर काय सांगतो, काय सांगत नाही

आपल्याकडे बुटांवर बहुधा ब्रिटिश नंबर असतो. त्याचं मूळ जवाच्या दाण्यात आहे. तीन दाणे म्हणजे एक इंच, आणि एक नंबर म्हणजे एक दाणा. म्हणजे एका नंबरचा फरक इंचाचा एक तृतीयांश, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. दोन्हींत मोजली जाते ती फक्त लांबी, तीही पावलाची नव्हे, तर ज्या साच्यावर बूट बेततात त्या साच्याची. त्यामुळे एका कंपनीचा ९ नंबर आणि दुसरीचा ९ नंबर जुळेलच असं नाही.

रुंदीचं काय? इंग्लंडमधल्या काही जुन्या कंपन्या मुलांच्या बुटांना रुंदीची अक्षरं देतात. ई म्हणजे अरुंद, एफ साधारण, जी रुंद, एच आणखी रुंद. आपल्या बहुतेक दुकानांत मात्र मुलांच्या बुटाच्या खोक्यावर रुंदीचा उल्लेखच नसतो. एका लांबीला एकच रुंदी.

त्यात आपली सवय: "वाढत्या अंगाचे घ्या, वर्षभर चालतील." शर्टाला हे ठीक आहे. बुटाचा नंबर वाढला की लांबीबरोबर रुंदी आणि घेरही वाढतो. ज्या मुलाला मुळात बूट रुंदीला सैल, त्याला आपण मोठा नंबर घेऊन आणखी सैल करून देतो.

चेन्नईत मोजले गेलेले भारतीय पाय

मी निवृत्तीनंतर चेन्नईत राहतो. इथे अड्यारमध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, १९४८ साली सुरू झालेली. या संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं त्रिमिती स्कॅनरने मोजली. हेतू हा की आपण ब्रिटिश नंबरांवर किती दिवस चालायचं? भारतीय पावलांचं स्वतःचं माप हवं. त्या प्रस्तावित मापपद्धतीचं नाव 'भा', भारत या शब्दातलं पहिलं अक्षर. त्यात वयाप्रमाणे आठ गट आहेत. पैकी पहिले चार अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे: एक वर्षापर्यंतची बाळं, एक ते तीन, चार ते सहा आणि सात ते अकरा.

पाहणीचा मुख्य निष्कर्ष असा की भारतीय पाऊल सरासरीने युरोपियन किंवा अमेरिकन पावलापेक्षा रुंद आहे. म्हणून आपले लोक रुंदी मिळावी यासाठी गरजेपेक्षा लांब बूट घेतात. रुंद साचे आले तर बहुसंख्य मुलांना त्याचा फायदाच होईल.

पण सरासरी ही सरासरी असते. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे म्हणून पलटण पाण्यात उतरवत नाहीत. देशाचं पाऊल रुंद असलं तरी तुमच्या घरातलं अरुंद असू शकतं, आणि साचे रुंद झाले तर अशा मुलाला बूट आणखी सैल होऊ शकतो. त्याचं माप तुम्हालाच माहीत असायला हवं.

घरी माप कसं घ्यायचं

अमेरिकन सैन्यातले डॉक्टर मेजर एडवर्ड मन्सन यांनी १९१२ साली सैनिकाचं पाऊल आणि त्याचा बूट यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा आग्रह होता की माप बसून घेऊ नका. सैनिकाला उभं करा, पाठीवर ओझं द्या आणि मग पाऊल मोजा. भार पडला की पाऊल लांबतं आणि पसरतं. मुलाच्या पाठीवर दप्तर द्यायची गरज नाही, पण उभं राहूनच माप घ्या.

संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. कागद जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवा. मूल शाळेचे मोजे घालून, टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहील. पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढा. तिरकी धरली की माप चुकतं. सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. मग चवड्याची रुंदी, म्हणजे अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंतचं अंतर. दोन्ही पावलं मोजा आणि बूट मोठ्या पावलाच्या मापाने घ्या.

आता किती मोकळं ठेवायचं? लांब बोटाच्या पुढे साधारण १२ मिलिमीटर. त्यात चालताना पाऊल पुढे सरकण्याची जागा आली आणि वाढीचीही आली. तीन वर्षांपर्यंत पाऊल महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, तीन ते सहा या वयात साधारण एक मिलिमीटर. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचे बूट सहा महिने नीट चालतील. पुढची जागा पाच-सहा मिलिमीटरवर आली की नवे घ्यायचे. 'वाढत्या अंगाचा' हिशोब या १२ मिलिमीटरमध्येच बसलेला आहे, त्यावर आणखी एक नंबर चढवायचा नाही.

दुकानात काय पाहायचं

पोस्टकार्डासारख्या जाड कागदाची एक पट्टी कापून न्या. लांबी पावलाची अधिक १२ मिलिमीटर. बुटात सरकवा. वाकली तर बूट आखूड, आत पुढे-मागे घसरली तर लांब. नंबर विसरा, पट्टीवर विश्वास ठेवा.

लांबी जमली की रुंदी. बुटाचा सुखतळा निघत असेल तर बाहेर काढा आणि मुलाला त्यावर उभं करा. पाऊल सुखतळा जवळजवळ भरून टाकत असेल तर ठीक. चवड्याच्या दोन्ही बाजूंना सुखतळ्याच्या कडा दिसत असतील तर बूट त्या पावलाला रुंद आहे.

मग बूट घालून लेस बांधा. लेसच्या भोकांच्या दोन्ही बाजूंमध्ये थोडी फट राहायला हवी. त्या एकमेकींना टेकल्या किंवा एकमेकींवर चढल्या तर आणखी आवळायला जागाच उरलेली नाही. अरुंद पावलाची ही सगळ्यात ठळक खूण. चवड्यावरचं चामडं चिमटीत धरून पाहा. चांगली घडी हातात आली तर बूट सैल.

शेवटी मुलाला दुकानभर चालवा, जिना असेल तर उतरायला लावा. तुम्ही मागे उकिडवे बसून टाचेकडे बघा. टाच प्रत्येक पावलाला वर निघत असेल तर तो बूट परत खोक्यात.

कोणता बूट, कोणता नको

अरुंद पावलाला आवळता येणारा बूट हवा. लेस सर्वांत उत्तम. ती बांधता येत नाही त्या वयात वेल्क्रोचे दोन किंवा तीन पट्टे. मुलींच्या काळ्या शाळेच्या बुटात एक पट्टा आणि बक्कल असतं. तो पट्टा बोटांजवळ नसून घोट्याकडे, जितका वर तितका चांगला. बक्कल शेवटच्या भोकातही सैल राहत असेल तर मोची दोन मिनिटांत आणखी एक भोक पाडून देतो. नुसते पाय सरकवून घालायचे बूट आणि रबरी क्लॉग रोजच्या शाळेसाठी नकोत. ते टिकवून धरायला मूल बोटांनी जमीन पकडत चालतं. शाळेचा नियम आड येत असेल तर वर्गशिक्षकांशी बोला.

एक नंबर लहान घेऊन रुंदी जमवू नका. बूट घट्ट वाटेल, पण बोटं मुडपतील. ऑस्ट्रियात बालवाडीतल्या ८५८ मुलांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्याहून जास्त मुलांचे बूट आखूड निघाले, आणि आखूड बुटांचा संबंध अंगठा आतल्या बाजूला झुकण्याशी दिसला.

थोडा सैल बूट कसा जमवायचा

मनासारखा बूट मिळाला नाही तर बुटाच्या जिभेखाली, म्हणजे पावलाच्या वरच्या बाजूला, नमद्याची किंवा फोमची पातळ गादी चिकटवून घ्या. ती पाऊल मागे टाचेकडे ढकलते. सुखतळ्याखाली एक पातळ, सपाट तळवाही घालता येतो. पण जाड नको, नाहीतर टाच उचलली जाऊन बुटाबाहेर येते. लेसच्या सर्वांत वरच्या भोकांत दोन्ही बाजूंना छोटा फास करून विरुद्ध बाजूचं टोक त्यातून ओवा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर राहते.

बोटांपुढे कापूस कोंबू नका. तो पाऊल मागे धरत नाही, फक्त बोटांची जागा खातो. दोन-दोन मोजेही नकोत. चेन्नई असो की नागपूर, आपल्या उन्हात घामाने फोड येतात आणि बुरशी होते.

घरी अनवाणी

घरात आणि स्वच्छ अंगणात मुलांना अनवाणी खेळू द्या. मणिपालच्या डॉ. उदय भास्कर राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ साली २,३०० मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सपाट तळव्यांचं प्रमाण बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के होतं. बूट शाळेसाठी, रस्त्यासाठी, मैदानासाठी. पाऊल घडतं ते चालण्याने.

आणि एक लक्षात घ्या, अरुंद पाऊल हा आजार नाही. पण एक पाऊल दुसऱ्यापेक्षा बरंच लहान किंवा अरुंद असेल, तळव्याची कमान फार उंच होत चालली असेल, मूल सतत पडत असेल, चवड्यांवरच चालत असेल किंवा दुखतं म्हणत असेल, तर बूट बदलत बसू नका. मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आज संध्याकाळी एक काम करा. मुलाचं, नातवाचं पाऊल कागदावर उतरवा, लांबी-रुंदी लिहा, तारीख टाका. तीन महिन्यांनी पुन्हा. तो कागद पाकिटात ठेवा. तुम्ही बेळगावात असा, इंदुरात किंवा हैदराबादेत, दुकानदार नंबर विचारेल तेव्हा आधी तो कागद काढा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.