हँडल का थरथरतं? वारजे ते सातारा, आणि मग वारज्यातल्या गॅरेजमध्ये

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातलं 'अं, म्हणजे' काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्याच गाडीचा आहे. साडेतीनशे सीसीची टूरिंग गाडी, 31 हजार किलोमीटर झालेली. मागे टॉप बॉक्स, बॉक्सवर बंजी दोरीने बांधलेली बॅग, आणि मागे बायको. साताऱ्याहून वारज्याला परत येत होतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार आहे, तो पुण्यातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. तिथे ट्रकांचे अपघात किती झालेत हे आपण दर काही महिन्यांनी वाचतो. त्या उतारावर मी 80 वरून थ्रॉटल सोडला आणि 70 च्या आसपास हँडल हातात डावी-उजवीकडे जोरात थरथरायला लागलं. डाव्या बाजूला कंटेनर, मागे हॉर्न.

पहिलं सांगतो, त्या क्षणी काय करायचं. हँडल घट्ट आवळू नका. आपण आवळतो, हात ताठ होतात आणि आपलं अंगच त्या थरथरीत सामील होतं. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा, अंग थोडं पुढे झुकवा, थ्रॉटल हळूहळू बंद करा. ब्रेक एकदम दाबू नका, विशेषतः पुढचा. मी यातलं निम्मंच केलं, तरी 50 च्या खाली थरथर थांबली.

आता हे होतं का? मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. ट्रॉली जरा वेगात ढकलली की ते चाक फडफडतं. गाडीचं पुढचं चाकसुद्धा एका दांड्याभोवती फिरतं, आणि तिथे ढिलेपणा असला की ठराविक वेगाला तेच होतं. हा झाला वॉबल: फक्त पुढचा भाग हलतो, सेकंदाला साधारण 6 ते 10 वेळा. दुसरा प्रकार वीव्ह. त्यात अख्खी गाडी सापासारखी लाटा घेते, सेकंदाला 2 ते 4 वेळा, आणि तो बहुतेक जास्त वेगात येतो. रॉबिन शार्प यांनी 1971 मध्ये गणितातून हे दोन्ही प्रकार वेगवेगळे मांडले. आपल्याला गणिताची गरज नाही, पण मेकॅनिककडे जाताना 'गाडी हलते' एवढंच सांगू नका. हँडल हलतं की गाडी, किती वेगाला, थ्रॉटल देताना की सोडताना, हे सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

वारजे माळवाडीतल्या माझ्या मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आधी बॉक्स काढा आणि एकटे फिरवून या." मला वाटलं, हा काम टाळतोय. पण मुद्दा बरोबर होता. मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं आणि पुढच्या चाकावरचा भार कमी करतं. मग ते चाक रस्त्याला नीट चिकटून राहत नाही. चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो. थरथर बरीच कमी, पण होती. म्हणजे वजनाने दुखणं वाढवलं होतं, मूळ कारण दुसरं होतं.

मग हवा. पुढे 4 पीएसआय कमी निघाली. (पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. स्वतःचा गेज घ्या, सकाळी टायर गार असताना बघा, आणि दोघे बसणार असाल तर मॅन्युअलमधला दोघांचा आकडा भरा.) फरक पडला, किंचित. चाक उचलून फिरवलं, रिम आऊट नव्हती. मागच्या स्विंग आर्मला हात लावून हलवलं, बुश ठीक.

मग त्याने इंजिनखाली ठोकळा दिला, पुढचं चाक अधांतरी केलं, फोर्कचे खालचे दोन्ही टोक धरून पुढे-मागे ओढले. "हात ठेवा इथे." हँडलच्या मुळाशी बोट ठेवलं तर बारीकसा 'टक' जाणवला. कोनसेट ढिला. मग हँडल हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. बरोबर मध्यावर ते एका खाचेत बसल्यासारखं अडत होतं.

इथे जरा थांबतो, कारण इथेच बहुतेक जण फसतात. ढिला आहे म्हटल्यावर आवळायचा, सोपं. मीच म्हणालो, आवळून द्या. त्याने सांगून पाहिलं, मी ऐकलं नाही. 70 ला थरथर गेली, पण वारज्याच्या सर्व्हिस रोडवर 15-20 च्या वेगात गाडी दारू प्यायल्यासारखी चालायला लागली. सरळ जाण्यासाठी हँडल सतत थोडं थोडं सरकत राहावं लागतं, आणि जास्त आवळलेला कोन ते होऊ देत नाही. थोडा सैल केला तर दोनेकशे किलोमीटरमध्ये थरथर परत. खड्ड्यांत आपटून आपटून गोळ्यांनी रेसवर खाचा पाडल्या होत्या, आणि खाच आवळून बुजत नाही. शेवटी कोन, रेस, गोळ्या असा अख्खा सेट बदलला. नवा सेट बसायला वेळ घेतो, म्हणून 500 किलोमीटरनंतर परत दाखवला. तेव्हा थोडा आवळावा लागला.

एक गोष्ट मात्र बिघाड समजू नका. सिमेंटच्या रस्त्यावर लांबीच्या दिशेने खाचा असतात, तिथे टायर जरा पोहल्यासारखा वाटतो. डांबर आलं की ते थांबतं. थांबलं नाही तर गाडी बघा.

टॉप बॉक्समध्ये आता फक्त रेनकोट आणि पंक्चर किट. जड सामान दोन्ही बाजूंच्या बॅगांत, खाली आणि शक्य तितकं पुढे. रॅकवर किती किलो चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं. माझ्या बॉक्सचं वजन घरच्या काट्यावर केलं तर भरलेला 13 किलो निघाला. वर ती बॅग वेगळीच.

त्यानंतर आम्ही दोघं परत साताऱ्याला जाऊन आलो. त्याच उतारावर, डाव्या लेनमध्ये, 60 ला थ्रॉटल सोडला. हँडल गप्प. बायकोने मात्र नवले पूल येईपर्यंत माझं जॅकेट सोडलं नाही.

तुमच्या गाडीचं असं काही असेल तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त वेग, टायरची हवा आणि मागचं वजन सांगायला विसरू नका.