दूरसभा की अध्ययनमंच?

आषाढात लोणावळ्यातील तुंगार्लीच्या उतारावर संततधार लागून वीज वारंवार खंडित होऊ लागली, म्हणजे घरबसल्या शिकणाऱ्यास साधनाची निवड ही केवळ हौसेची बाब उरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत महाराष्ट्राने झूमसारखी दृक्‌श्राव्य सभेची साधने आणि केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेला ‘दीक्षा’सारखा अध्ययनमंच, ही दोन्ही हाताळली; बोलताना ती एकाच पंक्तीस बसविली जातात, परंतु त्यांचे धर्म भिन्न आहेत.

सभेत शंकेचे निरसन तत्क्षणी होते, चेहऱ्यावरचा गोंधळ शिक्षकास दिसतो. मात्र सर्वांना एकाच वेळी हजर राहावे लागते, डेटा भरमसाट खर्ची पडतो, आणि झूमच्या विनामूल्य सभेस ४० मिनिटांची मुदत असते. उलट, ऑस्ट्रेलियात जन्मलेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला मूडलसारखा मंच पाठ, स्वाध्याय व गुण यांचे दप्तर राखतो आणि वीज परतताच विद्यार्थी सोयीने अभ्यास पुढे नेतो. मूडलला परवाना शुल्क नाही. तथापि सर्व्हर आणि देखभाल यांचा खर्च चुकत नाही.

लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापिली, तेथील योगविद्येचेच उदाहरण घ्यावे: आसनातील चूक सुधारण्यास थेट दूरसभा हवी, शरीरशास्त्राच्या पाठांस मंच पुरतो. तेव्हा चार-दोन शिकवण्यांसाठी सभाच पुरे. परंतु परीक्षा, प्रमाणपत्रे आणि अनेक तुकड्या यांचा व्याप असेल, तर आधी मंच उभारावा आणि सभा त्यास जोडावी.