वीस मीटरांत वारा दुप्पट होतो का?

चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जमिनीपासून 100 मीटर उंचीवर भारताची पवन ऊर्जाक्षमता 302 गिगावॉट आहे, 120 मीटरवर 695 आणि 150 मीटरवर 1,164. बातम्यांत हे आकडे एकाखाली एक छापून येतात आणि वाचणाऱ्याला वाटते, वर वारा किती सोसाट्याचा असेल! तो वर जास्त असतो हे खरेच. झाडे, घरे, उभी पिके, नांगरटीची ढेकळेसुद्धा वाऱ्याला अडवतात आणि हवेतले भोवरे तो अडसर वरपर्यंत पोहोचवतात. पण वेग तळाशी भराभर वाढतो, वर ती वाढ मंदावते. अभियंत्यांचा जुना ठोकताळा सांगतो की, वेग उंचीच्या सातव्या मुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने 100 वरून 120 मीटरवर गेल्यास वेग अडीच टक्क्यांच्या आसपास वाढेल. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून ती वाढेल 8 टक्के. 302 चे फार तर 326 व्हायला हवेत.

सातवे मूळच चुकीचे असेल तर? शंका रास्त आहे, कारण या सातव्या मुळाचे घराणे मुळात वाऱ्याचे नाही, नळाचे आहे. ब्लासियस यांनी 1913 मध्ये गुळगुळीत नळांतल्या घर्षणाचा नियम मांडला. त्यावरून प्रांट्ल आणि फॉन कार्मान यांनी भिंतीजवळच्या प्रवाहासाठी हे मूळ काढले. सपाट, उघड्या माळावर ढगाळ दिवशी ते वाऱ्यालाही छान लागू पडते. झाडीच्या मुलखात मात्र चौथे मूळ जवळचे ठरते. तरी ऊर्जेतली वाढ 15 टक्केच. निरभ्र रात्री जमीन निवते, तळची गार हवा वरच्या हवेत मिसळत नाही. खाली पान हलत नसताना वर झकास वारा असतो. साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पठारावर उलटा प्रकार: कडा चढून येणारा वारा जमिनीलगतच वेग घेतो, म्हणून मनोरा उंचावून तुलनेने कमी पदरात पडते. मुळाचा आकडा असा हलतो, पण वर्षाच्या सरासरीत 130 टक्के वाढ त्यातून निघत नाही.

मग ती आली कुठून? अशा अंदाजांत किमान ठरावीक वीज देऊ शकणारीच जमीन धरतात. वर्गात सगळ्यांना तीन मार्क वाढवून दिले, तर सरासरी जेमतेम हलते, पण काठावरचे कितीतरी जण पास होतात. शिवाय नव्या, लांब पात्यांच्या पवनचक्क्यांना पूर्वी वाया जाणारा मंद वाराही पुरतो. उंच मनोरे जरूर बांधावेत. त्यांना वीज जास्त मिळते. पण वाऱ्याच्या खात्यावर दहा-पंधरा टक्केच जमा करावेत आणि असा आकडा छापताना शेजारी त्याचे निकषही छापावेत.