संकटकाळची बिनतारी पेटी

भूकंप झाला, महापूर आला, की सगळ्यांत आधी काय बंद पडते? वीज जाते. विजेमागोमाग टेलिफोन जातो. मोबाइलचा मनोरा उभा राहिला तरी त्यालाही वीज लागते, आणि त्याच्या बॅटऱ्या फार वेळ पुरत नाहीत. नेमक्या याच वेळी गावाची हाक बाहेर जायला हवी असते. जखमी किती आहेत? रस्ता कुठे तुटला? औषध कोणते हवे? हे कळल्याशिवाय मदत पाठवणारे तरी काय पाठवणार?

अशा वेळी हौशी बिनतारीवाले उपयोगी पडतात. त्यांना 'हॅम' म्हणतात. हे पगारी नोकर नव्हेत. आवड म्हणून ते बिनतारी यंत्र चालवायला शिकतात, परीक्षा देतात आणि सरकारचा परवाना घेतात. त्यांच्या यंत्राला मनोरा लागत नाही. एका यंत्रातून निघालेली लहर दुसऱ्या यंत्राला थेट मिळते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. तेव्हा हॅम मंडळींनी तिकडे यंत्रे नेऊन निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्याबरोबर हॅम मंडळींची एक तुकडी अंदमानात होती. जगभरच्या हौशी लोकांशी बोलावे, एवढाच त्यांचा बेत होता. २६ तारखेला त्सुनामी आली. त्यांनी तो बेत बाजूला ठेवला आणि पोर्ट ब्लेअरहून बेटांचे निरोप बाहेर पाठवले. यंत्र आधीच जोडून तयार होते, म्हणून हे जमले. संकट आल्यावर सामान शोधत बसले तर उशीर होतो. म्हणून पेटी आधी भरून ठेवायची.

आता पेटीत काय काय असावे ते पाहू. पेटी पाणी न शिरणारी असावी आणि एका माणसाला उचलता यावी.

पहिली वस्तू म्हणजे यंत्र. लांबच्या बोलण्यासाठी एक यंत्र आणि गावातल्या गावात बोलायला दोन वॉकीटॉकी असाव्यात.

दुसरी वस्तू बॅटरी. इथे थोडा हिशेब करू. समजा, यंत्र ऐकताना १ अँपिअर वीज खाते आणि बोलताना ८ अँपिअर खाते. तासात १० मिनिटे बोललो आणि ५० मिनिटे ऐकले, तर तासाला दोन अँपिअर-तासांहून थोडी जास्त वीज लागते. म्हणजे १२ व्होल्टची, २० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण नऊ तास पुरेल. पण अर्धा तास बोलून अर्धा तास ऐकले, तर तीच बॅटरी साडेचार तासांतच संपेल. म्हणून थोडे बोलावे, जास्त ऐकावे. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा सौर पत्र्यावर भिस्त ठेवू नये. जीपच्या आणि बहुतेक ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असतात. त्यांना जोडायचे चिमटे आणि फ्यूज पेटीत ठेवावेत. लाल तार लालला, काळी काळीला. उलटे जोडले तर यंत्र जळते.

तिसरी वस्तू एरियल. सात मेगाहर्ट्झच्या लहरीसाठी तारेचे दोन तुकडे लागतात, प्रत्येकी सुमारे १० मीटर लांब. मधोमध केबल जोडायची आणि दोन्ही टोके दोरीने झाडांना किंवा बांबूंना बांधायची. तार तीन-चार मीटर उंच असली तरी चालते. लहर वर आकाशात जाते आणि तिथून परतून शेकडो किलोमीटरच्या टापूत पसरते. मध्ये डोंगर आला तरी अडत नाही. मात्र रात्री जवळच्या गावांशी ही लहर बहुधा जुळत नाही. तेव्हा साडेतीन मेगाहर्ट्झची लहर वापरतात. तिची तार दुप्पट लांब असते. तीही गुंडाळून ठेवावी. विजेच्या तारांजवळ एरियल कधीच बांधू नये, आणि आकाशात गडगडाट होऊ लागला की काम थांबवून एरियल खाली घ्यावे.

चौथ्या म्हणजे किरकोळ वस्तू. पक्कड, चाकू, चिकटपट्टी, सुतळी, जादा फ्यूज, विजेरी, घड्याळ, कागद आणि पेन्सिल. ओल्या कागदावर शाईचे पेन चालत नाही, पेन्सिल चालते. परवान्याची प्रतही त्यातच ठेवावी.

पेटी भरून फळीवर ठेवली म्हणजे काम संपले असे नाही. महिन्यातून एकदा ती उघडून, घरची वीज न वापरता, माळावर जाऊन बोलून पाहावे. बॅटरी उतरली आहे का, केबल उंदराने कुरतडली आहे का, हे तेव्हाच कळते.

परवाना नसलेल्या माणसाने यंत्रावर बोलू नये. पण निरोप नीट लिहून देणे आपल्यापैकी कोणालाही जमेल. 'फार हाल आहेत, लवकर या,' असे लिहून भागत नाही. गावाचे नाव, तालुका, तारीख, वेळ, जखमी किती, काय हवे आणि निरोप कोणाचा, एवढे मोजक्या शब्दांत लिहावे. आकडा पुन्हा तपासावा. दहाच्या जागी शंभर लिहिले गेले, तर दुसऱ्या गावाचे औषध आपल्याकडे येते आणि तिथला रोगी तसाच राहतो.