मेलेला माणूस मारेकऱ्याला ओळखतो

'बाल्डर्स गेट ३' या खेळात प्रेतांशी बोलता येतं. सुरुवातीच्याच एका तळघरात एक ताईत सापडतो आणि तो गळ्यात घातला की मेलेल्याला पाच प्रश्न विचारायची विद्या हाती येते. मात्र ज्याला आपणच मारलं, ते प्रेत आपल्याशी बोलायला साफ नकार देतं. आपल्या मारेकऱ्याशी कोण बोलेल! आता वेषांतराचा मंत्र टाकायचा, रूप पालटायचं आणि पुन्हा त्याच्यासमोर उभं राहायचं. प्रेत बोलू लागतं.

हे मी पाहिलं आणि थक्क झालो. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजमध्ये कुणीतरी या क्षणाचा आधीच विचार करून ठेवला होता. असा खटाटोप करणारा खेळाडू कधीतरी येईल हे त्याने ताडलं आणि त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवली. खेळाचा पहिला अंक आता संपत आला आहे, आणि माझ्या दृष्टीने या खेळाचं सगळं मोठेपण अशा ताडण्यात आहे.

या खेळाचं मूळ पडद्यावर नाही, टेबलावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ आणला. मित्रमंडळी गोल बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो आणि एक जण सूत्रधार. 'मी दार फोडतो', 'मी पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवतो', असं कुणीही काहीही म्हणावं आणि सूत्रधाराने तिथल्या तिथे पुढची गोष्ट रचावी. माणसाला ते जमतं. संगणकाच्या खेळाला मात्र आयत्या वेळी सुचत नाही. जे घडू शकतं ते सगळं कुणीतरी आधी लिहून, नटांकडून बोलून घेऊन आत ठेवलेलं असावं लागतं. म्हणूनच त्या प्रेताचं बोलणं मला एवढं मोलाचं वाटतं.

निकाल मात्र फासा लावतो. वीस पैलूंचा फासा पडद्यावर गडगडत येतो आणि श्वास रोखला जातो. समजा, पहारेकऱ्याला पटवायला १५ हवेत. नुसत्या फाशावर १५ ते २० हे सहाच आकडे चालतील, म्हणजे यशाची शक्यता ३० टक्के. आपलं पात्र बोलण्यात पटाईत असेल आणि त्याचे ३ गुण मिळत असतील, तर १२ पडले तरी भागतं. शक्यता ४५ टक्के होते. शिवाय एखाद्या कारणाने दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा मिळाली, तर तीच शक्यता जवळपास ७० टक्क्यांवर जाते. पण १ पडला की सगळे गुण असूनही अपयश, आणि २० पडले की अशक्य वाटणारं कामही फत्ते. पात्र घडवताना आपण जे निवडलं, ते असं प्रत्येक संभाषणात आपल्या बाजूने किंवा आपल्यावर उलटून उभं राहतं.

लढाईत जग तितकंच जागं असतं. सांडलेल्या तेलकट ओघळाला ठिणगी लागली की तो पेटतो, साचलेल्या पाण्यातून वीज धावते, उंचावरून मारलेला बाण नेमका बसण्याची शक्यता वाढते. उंची नसेल तर खोकी एकावर एक रचा आणि चढा. प्राण्यांची भाषा कळणारा मंत्र असेल तर खारीपासून बैलापर्यंत सगळे बोलतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मेलेल्या धन्यापाशी बसून राहिलेल्या स्क्रॅच नावाच्या कुत्र्याशी बोलून पाहा. मला पुढे जायला बराच वेळ लागला.

दोष आहेत, आणि त्यातला एक मला खरोखर सलतो. कथेच्या आरंभीच आपल्या डोक्यात एक अळी शिरते. तिच्यामुळे थोड्याच दिवसांत आपला राक्षस होणार, वेळ दवडू नका, असं सगळे बजावतात. म्हणून मन धावायला सांगतं. पण जादू आणि ताकद परत मिळते ती रात्रीच्या मुक्कामात, आणि सोबत्यांची मनं उघडतात तीही मुक्कामाच्या शेकोटीपाशीच. कथेवर विश्वास ठेवून जो मुक्काम टाळतो, त्याच्या हातून तिथले कितीतरी प्रसंग निसटतात. कथा एक सांगते आणि नियम दुसरंच. खेळाडूच्या इतक्या विक्षिप्त कल्पना ताडणाऱ्यांनी हे कसं ताडलं नाही?

बाकीच्या तक्रारी किरकोळ. बहुमजली जागेत कॅमेरा छतात अडकतो, सामानाची पोतडी आवरता आवरत नाही, मागून येणारे सोबती कधीकधी धगधगत्या जागेतून चालत जातात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' कधी न खेळलेल्याला नियमांची ओळखही घाईतच होते.

पहिला अंक इतका भरगच्च का, याचं एक कारण मला दिसतं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची कच्ची आवृत्ती लोकांच्या हाती आली होती, आणि पूर्ण खेळ ३ ऑगस्ट २०२३ ला. मधली जवळजवळ तीन वर्षं हजारो खेळाडूंनी हेच रान तुडवलं, नको तिथे चढून पाहिलं, नको त्याला मारून पाहिलं, आणि कारागिरांनी त्यातून शिकून घेतलं. शेवटच्या अंकातल्या महानगराला अशी तालीम मिळाली नव्हती. खेळ आला तेव्हा तिथे दणकट संगणकही अडखळत होते.

खेळणार असाल तर एक विनंती. फासा हरला की मागचा सेव्ह उघडून तोच क्षण पुन्हा खेळायचा मोह होतो. तो आवरा. पटवता न आलेला पहारेकरी, पकडली गेलेली चोरी, चिडून निघून गेलेला सोबती, यांच्यासाठीही लेखकांनी पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत, आणि ती फक्त हरलेल्यालाच वाचायला मिळतात.