प्रयोगशाळेतून कारखान्याकडे

पावसाळ्यात अंबाजोगाई-केजच्या रस्त्याने जाणाऱ्यास दुतर्फा जे सोयाबीन दिसते, त्याच्या तेलापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक औद्योगिक प्रमाणावर तयार करण्याची रीत ज्या रसायनवेत्त्याने घालून दिली, त्या पर्सी ज्यूलियन यांचे नाव आपल्या बीड जिल्ह्यातील विज्ञानाच्या पदवीधरांच्या कानांवर क्वचितच गेलेले असते. गुलामगिरीत जन्मलेल्या आजोबांचे हे नातू १९३१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन अमेरिकेस परतले आणि १९३५ मध्ये काचबिंदूवरील फायसोस्टिग्मीन या औषधाचे संश्लेषण त्यांनी सिद्ध केले. परंतु ज्या डीपॉ विद्यापीठात हे कार्य घडले, तेथे केवळ वर्णामुळे त्यांस प्राध्यापकपद मिळाले नाही. उद्योगाकडे वळावे, तर ॲपलटन गावच्या कागद-संशोधन संस्थेतील नेमणूकही अडली, कारण कृष्णवर्णीयास रात्री मुक्कामास ठेवण्याची त्या गावी कायद्याने मनाई होती. हा खल संस्थेच्या ज्या मंडळात चालला, त्यात ग्लिडन कंपनीचे एक उपाध्यक्ष बसलेले होते. त्यांनी १९३६ मध्ये ज्यूलियन यांस आपल्याच कंपनीत सोयाबीन-संशोधनाचे प्रमुखपद देऊ केले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि येथील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य काही आम्हीच प्रथम पाहिले असे नाही. १९४६ मध्ये स्वतः बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांस पत्र लिहून ते बोलून दाखविले होते. मराठवाड्यापुरते बोलायचे, तर निजामाच्या अमदानीत उच्च शिक्षणासाठी हैदराबादेकडे डोळे लावून बसलेल्या या मुलखात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून ख्यात झाले. आणि १९५८ मध्ये मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ लाभले. मुकादमाची उचल घेऊन दरसाल ऊसतोडीस जाणाऱ्या दलित कुटुंबातील एखादा मुलगा किंवा मुलगी आज बीडच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन त्या विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्रबंध सादर करते, यामागे ही सारी पूर्वपीठिका आहे. संशोधनाच्या काळात राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीचा किंवा बार्टी या राज्य सरकारच्या संस्थेचा आधार असतो. हप्ता वेळेवर येवो न येवो, मंजुरीचा कागद तरी हाती असतो. मौखिक परीक्षा उरकते, पदवीची अधिसूचना निघते, आणि नेमक्या त्याच वेळी सरकारचा हात सुटतो.

पूर्वी यापुढचा मार्ग प्राध्यापकीचा होता. आता जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात, तासिका तत्त्वावर दिवस कंठावे लागतात, आणि जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदास नेट-सेट पुरेसे ठरल्याने डॉक्टरेटची सक्तीही गेली आहे. खासगी संस्थांतील जागेसाठी काय मोजावे लागते, याची वाच्यता दबक्या आवाजात सर्वत्र होते. येथे तिचा विस्तार नको.

म्हणून पावले औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीकडे आणि विशेषेकरून हैदराबादेकडे वळतात. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मान्य केल्यामुळे, ज्ञात औषध नव्या रीतीने बनवून दाखविणाऱ्या रसायनज्ञास या देशात मोल आले. २००५ मध्ये द्रव्यावरील पेटंट परत आले, तरी परदेशी कंपन्यांसाठी कंत्राटी संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत अशा रसायनज्ञाची मागणी टिकून राहिली. मात्र प्रबंधात शंभर मिलिग्रॅमवर साधलेली अभिक्रिया कारखान्यात शंभर किलोवर करावयाची, तेव्हा निर्माण होणारी उष्णता बाहेर कशी काढावी, द्रावक परत कसा मिळवावा, अशुद्धी किती सोसावी आणि किलोमागे खर्च काय पडेल, हे प्रश्न उभे राहतात. आणि आमच्या विद्यापीठीय संशोधनात त्यांची तयारी जवळजवळ होत नाही, हा दोष विद्यार्थ्याच्या जातीचा नसून अभ्यासक्रमाचा आहे.

जातीचा प्रश्न त्याआधीच, अर्जाच्या पायरीवर उद्भवतो. खासगी नोकरीस आरक्षण लागू नाही. मिलिंदचेच विद्यार्थी असलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अटेवेल यांच्यासह २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींस ४,८०८ अर्ज धाडण्यात आले. पात्रता तीच ठेवून नाव तेवढे बदलले, तेव्हा दलित नावास बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरली आणि मुसलमान नावाची एक-तृतीयांश. अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांना दिल्लीतील विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून असेही आढळले, की मुलाखतीत घरच्या पार्श्वभूमीची चौकशी आवर्जून होते. ज्याचे वडील कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जातात, त्याने या प्रश्नास काय उत्तर द्यावे, आणि त्या उत्तराचा औषधाच्या रेणूशी काय संबंध, हे विचारणारानेच सांगावे.

बऱ्याच जागांची तर जाहिरातही निघत नाही. आतल्या कुणाच्या शिफारशीवर त्या भरल्या जातात. ज्यूलियन यांस मंडळात बसलेला एक उपाध्यक्ष तरी लाभला, पण पहिल्याच पिढीत शिकलेल्याचे आत कोणीच नसते. विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या संशोधकांस सहा महिने कारखान्यात पाठविण्याची तजवीज करावी आणि त्या सहा महिन्यांची अधिछात्रवृत्ती सरकारने द्यावी, ही मागणी मुळीच अवाजवी नाही. तोवर वाळूज-हैदराबादेतील कंपन्यांत हुद्द्यावर पोहोचलेल्या आमच्या जिल्ह्यातील मंडळींना, मग त्यांची जात कोणतीही असो, एवढीच विनंती, की गावाकडून एखाद्या संशोधकाचा अर्ज आला, तर तो वाचून योग्य वाटल्यास आपल्या सहीनिशी पुढे पाठवावा.